बोटाचा दाब

लेकीने आपलं मनगट बाबांच्या बोटाखाली सरकवलं आणि सावकाश म्हटलं, "वेन... ता... ना."

'ता'वर बोट दाबलं गेलं.

"बघितलंस आई? खिडकीला वेन्ताना म्हणतात आणि जोर मधल्या 'ता'वर. आजही बरोबर तिथेच दाबलं त्यांनी."

आई हॉस्पिटलच्या खाटेच्या पायथ्याशी बसून होती. यंत्र बाबांचा श्वास ओढत होतं, सोडत होतं.

बाबांनी चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर स्पॅनिश शिकवलं. शब्दाचे तुकडे पाडायचे आणि जोराचा तुकडा आला की शिकणाऱ्याचं मनगट दाबायचं, ही त्यांची रीत. त्यात त्यांची कधी चूक झाली नाही आणि दुसऱ्याची त्यांनी कधी खपवून घेतली नाही. सख्ख्या लेकीलाही एका शब्दापायी रडवलं होतं.

सकाळी डॉक्टर सांगून गेले होते की आता आशा नाही. हाताला काही लागलं की क्षणभराने बोट आपोआप वळतं, त्याला अर्थ नाही. यंत्र काढायचं की ठेवायचं, ते संध्याकाळपर्यंत ठरवा.

"डॉक्टरांना काय कळतंय? स्पॅनिश येतं का त्यांना?" लेक तेव्हापासून धुसफुसत होती. दर शब्दाआधी ती मनगट काढून पुन्हा ठेवत होती. "सा... पा... तो." 'पा'वर दाब. "का... मी... सा." 'मी'वर. बूट आणि सदरा, दोन्ही शब्दांत जोर मधेच. तिचे डोळे भरून आले.

"आता पाहारो म्हण," आई खाली बघत म्हणाली.

लेकीला हसू आलं. पाहारो म्हणजे पक्षी. तिला रडवणारा शब्द तोच. त्याचा जोर पहिल्याच तुकड्यावर.

"पा..."

बोट निपचित होतं.

"हा..."

बोट दाबलं गेलं.

तिने पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. दर वेळी बोट मधल्या तुकड्यावरच वळलं. तिने मनगट काढून घेतलं आणि पोटाशी धरलं.

"तू कधी पाहिलंस?"

"परवा. तू पाणी आणायला गेली होतीस तेव्हा मीच पाहारो म्हणून बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं तोंड बघून सांगवेना."

मग डॉक्टरांना बोलवायला लेक उठली. आईने खुर्ची उशाशी ओढली, बांगड्या वर सारल्या आणि आपलं मनगट त्या बोटाखाली ठेवलं.

"जरा थांब," ती म्हणाली. "मला एकदा वेन्ताना म्हणू दे."