चार नंबरची बारा मिनिटं

"हे कोणालाही खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो," आजोबा खुर्चीत पाय वर घेऊन बसत म्हणाले. "तुझ्या शाळेतल्या बाईंना तर नाहीच नाही. पण तू लिही. मी नुसत्या बारा मिनिटांवरून चौऱ्याऐंशी मिनिटांचा अख्खा सिनेमा ओळखला होता. शेवटासकट."

नातीने पेन्सिलीला टोक काढलं. घरातली एक जुनी वस्तू शाळेत न्यायची होती आणि तिच्याबद्दल दोन पानं लिहायची होती. वस्तू टेबलावर ठेवलेली होती. व्हिडिओ कॅसेटचं जाडजूड खोकं, वर सोनेरी अक्षरं आणि पाण्यातून डोकं काढून हसणारं पाणमांजराचं एक पिल्लू. खोक्यावरचा पारदर्शक कागद पस्तीस वर्षांत कोणी फाडला नव्हता.

"थाप मारलीत की समासात फुली मारणार हं," नात म्हणाली.

"मार की. समास जरा रुंद सोड."

आजोबांची ख्यातीच तशी होती. बाजारात कांदे आणायला गेले तरी येताना एखादा किस्सा घेऊन यायचे, आणि कधीकधी कांदे विसरायचे. पण ही एक गोष्ट मात्र ते गेली पस्तीस वर्षं तिखटमीठ न लावता सांगत आले होते. म्हणजे, शेवटाला तरी लावत नव्हते.

"कारखाना केवढा होता, लिही. एका टोकाला उभं राहून हाक मारली, की दुसऱ्या टोकाच्या माणसाला ती जेवणाच्या सुट्टीनंतर ऐकू जायची."

फुली.

"बरं, मोठा होता, असं लिही. चार हजार मशिनं. सगळी एकाच वेळी एकच सिनेमा उतरवून घेत बसलेली. चौऱ्याऐंशी मिनिटांचा सिनेमा उतरवायला चौऱ्याऐंशी मिनिटंच लागायची, त्यात घाई चालत नसे. मग ढीगच्या ढीग कॅसेटी बाहेर पडायच्या, गरमागरम. थंडीत आम्ही हात शेकायचो त्यांच्यावर."

नातीने पेन्सिल उचलली, विचार केला आणि फुली न मारता ठेवली. हे खरं असू शकत होतं.

आजोबांचं काम तपासणीचं. प्रत्येक ढिगातली एक कॅसेट बघायची. चित्रावर ठिपके पडतात का, आवाज मध्येच तुटतो का, हे कागदावर लिहायचं. पण एका माणसाने पूर्ण सिनेमा बघायचा नाही. लाकडी पार्टिशनच्या सात खोल्या होत्या. पहिल्या खोलीतला माणूस बारा मिनिटं बघायचा, कॅसेट थांबवायचा, बाहेर काढायचा आणि तशीच, मागे न फिरवता, दोन नंबरच्या खोलीत द्यायचा. तिथून पुढची बारा मिनिटं. आजोबा चार नंबरला. छत्तीसाव्या मिनिटापासून अठ्ठेचाळीसाव्यापर्यंतचा सिनेमा त्यांचा. अलीकडचा नाही, पलीकडचा नाही. सगळा कारखाना त्यांना 'चार नंबर' अशीच हाक मारायचा.

"सिनेमा अजून दुकानात यायचा होता ना. गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून ही युक्ती. एकमेकांना सांगायचीही बंदी. चहाच्या टेबलावर सातजण बसायचे, सातजणांच्या पोटात एकेक तुकडा, आणि बोलायचं काय, तर पावसापाण्याचं!"

"मग तुम्हाला काय दिसायचं?"

"पिल्लू. एकटंच. ओंडक्यावर बसून नदीतून चाललेलं. बरोबर एक घमेंडखोर बेडूक. एक बगळा त्यांना वाट सांगतो, ती चुकीची. मग धरण येतं. पिल्लू वर बघतं, आणि खलास, माझी बारा मिनिटं संपली. एकदा न राहवून दहा सेकंद जास्त चालवलं मी. नुसतं पाणी दिसलं. तेवढ्यात मुकादमाने दारावर थाप मारली."

आत स्वयंपाकघरात त्यांची मुलगी, म्हणजे नातीची आई, भांडी घासत होती. नळाच्या आवाजाआडून तिचं हसणं ऐकू आलं. "बाबा, परवा सांगितलंत तेव्हा ती थाप पाठीवर होती ना?"

"दोन्हीकडे," आजोबा म्हणाले. नातीने अर्धी फुली मारली.

मग आजोबा जरा पुढे सरकले. आता पुढचा भाग त्यांचा फार लाडका होता.

त्या वर्षी त्यांची बायको गेली होती. घरात दोघंच उरले, ते आणि आठ वर्षांची मुलगी. संध्याकाळी ते कामावरून आले की पोरगी दारातच विचारायची, "आज पिल्लू कुठे गेलं?" त्याच बारा मिनिटांची गोष्ट किती दिवस पुरणार? आधीचं हवं, नंतरचं हवं. मुख्य म्हणजे, पिल्लू एकटं का, हे हवं.

"म्हणून मी माणसं वाचायला लागलो," आजोबा म्हणाले. "सिनेमा दिसत नव्हता, पण सिनेमा बघून बाहेर येणारी माणसं दिसत होती ना! एक नंबरचा ढोल्या पोट धरून हसत बाहेर यायचा. म्हणजे सुरुवात मजेची. दोन नंबरचा बाहेर आला की डबा उघडायचा नाही. नुसता झाकणाकडे बघत बसायचा. मी ताडलं, इथे पिल्लाची आई हरवली. पुरात वाहून गेली असणार. पाच नंबरवाला नखं खात बाहेर यायचा, म्हणजे धरण फुटलं. सहा नंबरवाला शीळ घालत, म्हणजे वाट सापडली."

"आणि सात नंबर?"

"सात नंबरला एक बाई होत्या. करारी. मुकादम त्यांना घाबरायचा. पण खोलीतून बाहेर आल्या की रुमालाने डोळे टिपत. दर खेपेला! दिवसातून पंधरा-पंधरा वेळा. आता तूच सांग, दुःखाने माणूस किती रडेल? दोनदा, तीनदा. चौथ्यांदा सवय होते. महिनाभर रोज पंधरा वेळा रडायचं, तर ते आनंदाचंच रडू हवं. मी पक्कं केलं, शेवटी आई येते."

पुढचं आजोबांनी भरभर सांगून टाकलं. ते त्यांना अजूनही जरा टोचत असे. पोरीने एकदा विचारलं होतं, "बाबा, नक्की येते ना आई? तुम्ही बघितलंय?" आणि ते म्हणाले होते, "या डोळ्यांनी बघितलंय. नदीच्या शेवटच्या वळणावर, शेपटी हलवत येते."

"ही फुली मी स्वतःच मारतो," आजोबांनी पेन्सिल मागून घेतली आणि समासात एक ठसठशीत फुली काढली. "डोळ्यांनी नव्हतं बघितलं."

मग सिनेमा दुकानात आला, आणि काय आला! पहाटेपासून दुकानांपुढे रांगा. पहिल्या आठवड्यात पंचाहत्तर लाख कॅसेटी खपल्या, आजवरचे सगळे विक्रम मोडले. घरात कॅसेट लावायचं मशीन नसलेल्यांनीही कॅसेट घेऊन ठेवली. एकाने पोपटासाठी वेगळी घेतली. (फुली.) कारखान्यात तीन पाळ्या सुरू झाल्या आणि विक्रमाची आठवण म्हणून प्रत्येक कामगाराला एकेक कॅसेट मिळाली, सोनेरी अक्षरांची. चार नंबरच्या घरी तेव्हा मशीन नव्हतं. पण शेजारच्या बिऱ्हाडात आलं, आणि रविवारी दुपारी इमारतीतल्या सगळ्या पोरांना सिनेमाचं आमंत्रण आलं.

"त्या दुपारी मी दोनदा दाढी केली," आजोबा म्हणाले. "स्टुलाचा पाय ढिला नव्हता, तरी तो काढून परत बसवला. भिंतीपलीकडून आवाज येत होते. ओंडक्याचं गाणं आलं, मी घड्याळ बघितलं. बरोबर चाळीसावं मिनिट. धरण आलं. आणि त्यापुढचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता गं. कान लावला तर नुसती गडगड."

ते हसले, पण नात हसली नाही. ती लिहायचं थांबून ऐकत होती.

"घाबरला होतात?"

"मग! अगं, घरातली एकेक वस्तू जागेवरून हललेली त्या वर्षी. बापाचा शब्द तेवढा जागेवर होता. तोही गेला असता, तर पोरीने उद्यापासून माझं ऐकायचं कशाला? सगळं ठीक होईल म्हणतो, झोप म्हणतो, ते तरी कशाला खरं मानायचं?"

आत नळ बंद झाला होता. ते आजोबांच्या लक्षात आलं नाही.

"सिनेमा संपला. पोरगी आली. चपला न काढता दारातच उभी राहिली. वेणीची रिबीन बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, परत गुंडाळतेय. मी विचारलं, काय गं, आली का आई? तर म्हणाली, 'आली. अगदी तुम्ही सांगितलंत तसंच, बाबा. शेवटच्या वळणावर. शेपटी हलवत.'" आजोबांनी मांडीवर हात आपटला. "शेपटीसकट! बारा मिनिटांवरून! आहे का कोणाची छाती?"

"मग तुम्ही ही कॅसेट कधीच नाही बघितली?"

"पुढे घरात मशीन आलं, तर तुझी आईच म्हणाली, फोडू नका बाबा, ठेवणीतली वस्तू आहे. मलाही पटलं. शेवट ठाऊक असलेला सिनेमा बघायचा कशाला? हं, लिहून काढ. या पानावर एकही फुली नको. विश्वास नसेल तर साक्षीदार घरात आहे, विचार तुझ्या आईला."

साक्षीदार दारातच उभी होती. हात ओले होते. हातातल्या फडक्याचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. आजोबांनी ते बोट बघितलं, आणि मांडीवरचा हात हळूच खोक्यावरच्या न फाडलेल्या कागदावर ठेवला.

नात एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. पेन्सिल समासापाशी येऊन थांबली होती.

"पण मी बघितलाय हा सिनेमा," ती म्हणाली. "परवा, मैत्रिणीकडे. पिल्लू एकटंच समुद्रापर्यंत जातं. शेवटच्या वळणावर कोणीच नसतं. आई येतच नाही." तिने दाराकडे मान वळवली. "म्हणजे थाप तू मारलीस, आई."