डमीच्या अंगावरची चादर

मित्रांनो, कपड्यांच्या दुकानाच्या काचेत एक बाई उभी असते. कितीही वेळ बघा, पापणी हलवत नाही. तिच्याच बिरादरीतली मी एक जुनी डमी. दोन अर्धे साचे जोडून मला एक केले. नाक छान जमले, डावा अंगठा मात्र फसला.

उमेदीच्या काळात माझी रोज फजिती होई. कपडे बदलायचे म्हणून मला भर काचेत उघडी करत आणि दुकानातली पोरे खुशाल जेवायला निघून जात. एरवी धावपळ करणाऱ्या सभ्य माणसांच्या बुटांच्या नाड्या तेव्हा नेमक्या माझ्यासमोर सुटत.

पुढे मालकांनी मुस्लिम बायकांचे अंगभर पोशाख विकायला घेतले. पायघोळ बुरखे, सैल झगे, डोक्याचे रुमाल. काचेवर सुबक अक्षरांत लिहून घेतले, 'पडदा हीच स्त्रीची इज्जत'. मालक पाच वेळचे नमाजी आणि हिशेबाला पक्के. एकाच ओळीत पुण्यही जमा, गिऱ्हाईकही जमा.

शिवणकामाला आपा आल्या. अंगात सैल बुरखा, डोक्याला रुमाल, ओठांत टाचण्या. माझे कपडे बदलण्याआधी त्यांनी माझ्यावर एक चादर टाकली आणि चादरीखालूनच सगळे बदलले. मालक हसले, म्हणाले, "आपा, प्लास्टिकला कसली लाज?"

टाचण्या न काढताच आपा म्हणाल्या, "तिला नाही हो मालक. बघणाऱ्यांना सवय लागते."

आतल्या कोपऱ्यात पडद्याआड बायका माप द्यायला येत. पडदा स्वतः ओढून, टोके चिमट्याने जोडल्याशिवाय आपा कुणाला रुमाल काढू देत नसत. त्या एका चिमट्याच्या भरवशावर बायका लांबून येत. कौतुक मात्र काचेवरच्या ओळीचे व्हायचे.

मग कापडाचा एक तागा गायब झाला. मालकांनी कपाटाच्या दिशेने छतापाशी कॅमेरा लावला आणि त्याचा पडदा, म्हणजे छोटा टीव्हीच तो, गल्ल्यापाशी ठेवला. मलाही शेजारी आणून उभे केले. विक्रीला एक गडी होता. गिऱ्हाइकापुढे तीच ती वाक्ये घोकायचा, म्हणून सगळे त्याला पोपट म्हणत. त्याने पडद्याआडचा आरसा उजेडासाठी तिथल्याच समोरच्या भिंतीवर हलवला. कापडी पडदा छतापर्यंत पोचत नव्हता, वरून उघडाच होता. कॅमेऱ्याला आता कपाट दिसे, कपाटाशेजारी पडद्याच्या वरून आरसा दिसे आणि आरशात पडद्याआडची बाई दिसे.

मला टीव्हीवर ते दिसत होते. पण माझे ओठ रंगवलेले, उघडणारे नव्हेत. मालकांच्याही एकदा लक्षात आले. ते चपापले. म्हणाले, "आरसा हलवायला हवा. शुक्रवारी बघू." तेवढ्यात गिऱ्हाईक आले. शुक्रवार आला आणि गेला. पोपटाची बडबड मात्र कमी झाली. तो गल्ल्यापाशी जास्त रेंगाळू लागला. अंगभर कपडे मला, प्लास्टिकला, आणि उघडी पडत होती ती जिवंत माणसे. लाजेने वितळता आले असते तर मी वितळले असते.

एकदा शाळेतल्या बाई नवा झगा घालून बघायला आल्या. घरच्यांखेरीज कुणा पुरुषाने त्यांचे केस पाहिले नव्हते. आपा खडू घ्यायला बाहेर आल्या आणि टीव्हीपाशी थबकल्या. बाई, मोकळे केस, मान कलती करून आरशात बघणाऱ्या. समोर गल्ल्यावर रेललेला पोपट.

आपांनी एका झटक्यात माझ्या अंगावरचा बुरखा ओढला आणि टीव्हीवर टाकला. मी भर दुकानात उघडी उभी. पण माझ्याकडे कुणीच बघत नव्हते. मालक जमिनीकडे, पोपट चपलांकडे.

मालक हलक्या आवाजात विनवू लागले, की बाईंना कळलेले नाही, कशाला सांगायचे, दुकान बसेल, तुमचीही भाकरी यावरच आहे.

आपांनी शांतपणे ऐकून घेतले. "मालक, कुराणात नजर खाली ठेवायचा हुकूम आधी पुरुषांना आहे. बायकांच्या कपड्यांची गोष्ट त्याच्यानंतर. तुम्ही काचेवर नुसती दुसरी गोष्ट लिहिलीत."

त्या पडद्याआड गेल्या. बाईंना सगळे सांगितले. मग बाई रुमाल नीट बांधून बाहेर आल्या आणि एवढेच विचारले, "किती दिवस चाललंय हे?"

दुकानातल्या गजागजाचा हिशेब तोंडपाठ असणारे मालक कॅलेंडरची पाने चाळू लागले.

सगळे चित्रण दोघींनी समोर उभे राहून पुसून घेतले. झगा तिथेच राहिला. आपांनी कात्री पिशवीत टाकली, जाता जाता माझ्यावर ती जुनी चादर पांघरली आणि बाईंबरोबर निघून गेल्या. आता त्या घरीच शिवतात म्हणे. मालकांनी काचेवरची ओळ स्वतः पात्याने खरवडली. ऊन पडले की ती अजून पुसट दिसते, तेव्हा ते मान फिरवतात.

मी माळ्यावर आहे. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला काय, चादर आहे. पण एखादी बाई भरवशाने डोक्यावरचा रुमाल काढते, तिथे आरसा कुठे आहे ते आधी बघा. आणि चुकीच्या जागी दिसला तर तेव्हाच हलवा. शुक्रवारची वाट बघू नका.