चांदीची रेघ

धाकट्याने दादाच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, तेव्हा वहिनी दारातच उभी होती. "भाऊजी, काही बिघडवू नका हं," ती म्हणाली. ऐका! ज्याचं पोट दुरुस्तीवर चालतं, त्यालाच ही ताकीद.

पण तिचं तरी काय चुकलं? दादा जाऊन वर्ष झालं, तरी संध्याकाळी त्याच्या घरी यायच्या वेळेला हे यंत्र आपोआप सुरू व्हायचं. दादानेच तशी वेळ लावून ठेवली होती. पंखा आधी घरघरायचा, मग शीळ घालायचा, आणि वहिनी चहाचं आधण ठेवायची. घरात नवऱ्याचा तेवढाच आवाज उरला होता. अलीकडे यंत्र तापून मध्येच बंद पडायला लागलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती शीळ म्हणजे दादाचा उपद्व्याप. प्रोसेसरचा वेग कंपनीने बांधून दिलेला, आणि याला तो वाढवायचा होता. धाकटा कानीकपाळी ओरडला, "अरे, लॅपटॉपसाठी बनवलेला प्रोसेसर विकत आण! तो याच खाचेत बसतो, त्याचा वेग मोकळा असतो, वर तापतही कमी." पण दादा कसला ऐकतो! म्हणे, "आयतं काय, कुणीही आणेल." भिंग लावून, चार केसांच्या कुंचल्याने त्याने प्रोसेसरवरचे दोन ठिपके चांदीच्या रंगाने जोडले. त्या रेघेमुळे यंत्र साध्या प्रोसेसरलाच लॅपटॉपचा समजू लागलं. वेग वाढला, ताप वाढला, पंखा शीळ घालू लागला. चंदेरी बोटांनी दादा चहाला आला की वहिनी करवादायची, "अहो, आधी हात धुवा!"

धाकट्याने धूळ झटकली, प्रोसेसर काढला आणि त्यावरचा, उष्णता ओढून घ्यायला लावलेला वाळका लेप स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. रोजचंच काम, हात आपले चालत राहिले. बोळा पाहिला तर त्यावर चंदेरी डाग. दादाची रेघ पुसली गेली होती.

पिशवीत लॅपटॉपचा प्रोसेसर होता, तो त्याने वहिनीला न सांगता बसवला आणि वेग तेवढाच लावला. यंत्र झकास चाललं, पण पंखा मात्र मुका.

वहिनीने बराच वेळ कान दिला. "हे ते नाहीत," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

धाकट्याने यंत्र बंद केलं, खणातून दादाची रंगाची बाटली आणि कुंचला काढला. बारीक कामाला त्याचा हात कायमचा कापरा. दादा त्यावरून किती चिडवायचा! आज मात्र हात हलला नाही. एका दमात रेघ ओढून झाली, सरळ, दादाची होती तशीच. भिंग बाजूलाच राहिलं होतं.

रंग वाळल्यावर त्याने दादाचा प्रोसेसर परत बसवला आणि खुर्चीत बसून राहिला. बटणाला हात लावला नाही. ठरल्या वेळी पंखा घरघरला, आणि मग शीळ आली.

स्वयंपाकघरात कपबशी वाजली. "अहो, आधी हात धुवा!"

धाकट्याने बोटांकडे पाहिलं. 'वहिनी, मी आहे', एवढंच म्हणायचं होतं. तो उठला, आणि हात धुवायला गेला.