गेला म्हणे

"काय म्हणतोय तो?" आप्पांनी शिलाईचं मशीन थांबवून विचारलं.

धाकटीने फोनवर हात ठेवला. पलीकडे दादाच्या कारखान्याचा व्यवस्थापक शब्द तोडून तोडून जर्मन बोलत होता. दादा तिकडे जर्मनीत वेल्डर. दर रविवारी न चुकता त्याचा फोन यायचा. या रविवारी आला नाही, त्याने उचललाही नाही, म्हणून तिनेच कारखान्यात फोन लावला होता.

"नोकरी सोडून गेला म्हणे," ती म्हणाली.

आईच्या जिवात जीव आला. संध्याकाळी तिने शेजारच्या काकूंना सांगूनही टाकलं, थोरल्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. 'म्हणे' वाटेतच कुठेतरी गळून पडलं होतं. धाकटीच्या डोक्यातून मात्र ते जाईना.

ती विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. विषय जर्मन वाक्यरचना आणि अर्थविचार. वर्गात तेव्हा 'झोलन' हे क्रियापद चाललं होतं. एरवी त्याचा अर्थ 'करायला हवं', पण झालेल्या गोष्टीबद्दल वापरलं की बोलणारा अंग काढून घेतो: मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलंय. "म्हणजे क्रियापदातच झोल आहे," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, तेव्हा बाईसुद्धा हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तिने व्यवस्थापकाचं वाक्य जसंच्या तसं बाईंना म्हणून दाखवलं. बाई हसल्या नाहीत.

"झोलनच वापरलं त्याने? नक्की?"

"नक्की."

"मग त्याला माहीत नाही. ज्याने पाहिलं असेल, त्याला गाठ."

बाईंच्याच खोलीत बसून तिने फोन लावायला सुरुवात केली. व्यवस्थापकाला मुकादमाने सांगितलं होतं. मुकादमाने फाटकावरच्या रखवालदाराकडून ऐकलं होतं. रखवालदार म्हणाला, ऑफिसातच तशी बोलवा होती. सगळ्यांच्या तोंडी तेच क्रियापद, आणि सगळे फिरून पुन्हा व्यवस्थापकापाशीच. शेवटी कारखान्याच्या आवारातच दादाच्या खोलीत राहणारा कामगार सापडला. त्याचं जर्मन मोडकंतोडकं होतं, पण वाक्यं सरळ होती. जाकीट खुंटीला आहे. बाहेरचे बूट दाराशी आहेत. इथे बर्फ पडतोय.

तिने पुन्हा व्यवस्थापकाला विचारलं, त्याला जाताना कुणी पाहिलं? बघून सांगतो, तो म्हणाला.

घरी ती जेवणाशी चाळा करत बसली. आई उठून आत गेल्यावर आप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "तुला काहीतरी कळलंय."

तिने जाकिटाचं सांगितलं. ते आप्पांनीच शिवलं होतं, आतून दुहेरी अस्तर लावून. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"आईला एवढ्यात नको," ते म्हणाले.

त्यानंतर घरात फोन वाजला की दोघं एकमेकांकडे बघत आणि आई दोघांकडे. तिने शेजारी जाणं बंद केलं.

फोन आला तेव्हा दुपार होती. या खेपेला व्यवस्थापकाच्या बोलण्यात ऐकीव काही नव्हतं. दुरुस्तीसाठी रिकामी केलेली एक टाकी होती. दादा आत सांधा जोडायला उतरला होता. आत हवा नव्हती. पाळी सुटताना कोण बाहेर आलं आणि कोण नाही, हे कुणी पाहिलं नाही, आणि झाकण लावलं गेलं. आज ते उघडलं.

धाकटी एकेक वाक्य ऐकत होती आणि जसंच्या तसं मराठीत सांगत होती. मऊ करायला एकही शब्द तिला सापडला नाही. आई भिंतीला टेकून खाली बसली. पलीकडचा माणूस आता तेच तेच बोलत होता.

"आता काय म्हणतोय?" आप्पांनी विचारलं.

"वाईट वाटतं म्हणतोय."

आप्पांच्या हातात कुणाच्या तरी सदऱ्याची बाही होती. तिची घडी घालून त्यांनी ती बाजूला ठेवली.

"त्याला सांग, कळवलंत, आभारी आहोत. आणि पोराला नीट झाकून ठेवा म्हणावं. थंडी आहे."

धाकटीने सरळ उभं राहून ते जर्मनमध्ये सांगितलं. व्याकरणात कुठेही चूक केली नाही.