एकशे बारा पानांची पाठ

सुमंतच्या पुस्तकाचं पहिलं जाहीर कौतुक झालं, ते बालसाहित्य म्हणून.

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर होता. साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर प्रकाशन समारंभ चालला होता. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक भाऊसो नलवडे. सरांनी पुस्तक बाराव्या पानापर्यंत वाचलं होतं, आणि बाराव्या पानापर्यंत चित्रांतला सुमंत सात वर्षांचाच होता. तेव्हा सर 'हसतखेळत संस्कार' या विषयावर पंचवीस मिनिटं बोलले, हे पुस्तक प्रत्येक शाळेत पोहोचलं पाहिजे अशी शिफारस करून टाळ्या घेतल्या आणि घाम पुसत खाली बसले. त्याच पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर सुमंत आरशापुढे उभा राहून स्वतःला सांगतो, की मला पुरुष आवडतात. आरशातल्या सुमंतच्या हातातला कंगवा खाली पडतो. हे त्या सभागृहात तिघांनाच ठाऊक होतं. एक सुमंत, दुसरे प्रकाशक चिंतामणराव, आणि तिसरा दाराशी टेबल मांडून पुस्तकं विकत बसलेला वीरधवल.

आता खरं तर सुमंतनं उठून सरांची चूक दुरुस्त करायला हवी होती. पण तो कसला करतोय! बेचाळीस वर्षांचा घोडा माइकपाशी गेला आणि म्हणाला, "सरांनी मला मुलांत बसवलं ते बरंच झालं. मोठ्यांच्या पंगतीला मला अजून कुणी बोलावलेलं नाही." सभागृह खदखदून हसलं. सरही हसले.

ही त्याची जुनी युक्ती. लोकांनी हसायच्या आत आपणच आपल्यावर हसून मोकळं व्हायचं. वीस वर्षं त्यानं दिवाळी अंकांना नवरा-बायकोची व्यंगचित्रं पुरवली होती. लाटणं उगारलेली बायको, पलंगाखाली लपलेला नवरा. संसाराचा काडीचा अनुभव नसताना महाराष्ट्राचा संसार त्याच्या जिवावर हसत होता. मग एक दिवस त्याला वाटलं, आता आपलं खरं काढावं. तीन वर्षं खपून त्यानं स्वतःची जीवनकहाणी चित्रांत काढली आणि नाव दिलं 'वाकड्या रेघांचा माणूस'. त्यात स्वतःला त्यानं असं काढलं, की शत्रूलाही दया यावी. काडीसारखी मान, सुपाएवढे कान आणि पानापानावर बाहेर आलेले दात.

आणि वीरधवलला काढलं ते फक्त पाठमोरं.

वीरधवल हा तिकडे वाळव्याकडचा. घरचा ऊस, पलटणीत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून परतलेला. अकरा वर्षांमागे, नोकरीत असताना तो रजेवर आला होता आणि कोयनेच्या घाटात एसटी बंद पडली, तेव्हा दोघांची ओळख झाली. एसटी अडीच तासांनी चालू झाली, ओळख तेव्हापासून चालूच होती. घरी तो सांगायचा, पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला जातो, आणि दर शनिवारी सुमंतच्या खोलीवर यायचा. पेन्शन महिन्यातून एकदाच मिळते, हे गावात कुणाच्या ध्यानात आलं नसेल अशी दोघांची भाबडी समजूत होती.

पुस्तकाचं ठरलं तेव्हा वीरधवलनं एकच अट घातली होती. "तुझं तू काय बी काढ गड्या. माझं तोंड काढू नको. आई हाय घरात." सुमंतनं शब्द पाळला. एकशे बारा पानांत जिथं जिथं वीरधवल आला, तिथं त्याची पाठच आली. एसटीच्या खिडकीशी बसलेली, स्टोव्हपुढे वाकलेली, पायरीवर टेकलेली पाठ. पुढे पुण्याच्या एका मासिकानं तिला 'समाजाने नाकारलेल्या चेहऱ्याचे प्रतीक' म्हटलं, आणि सुमंतनं ते कात्रण आठवडाभर खिशात बाळगलं. पाठ म्हणजे निनावी, पाठीवरून कोण कुणाला ओळखतो, असं या शहरी शहाण्याला वाटत होतं. उसाच्या बांधावरून उभं आयुष्य एकामागं एक चालणाऱ्या माणसांना समोरच्याची पाठच तेवढी दिसते, आणि तिच्यावरूनच ती फर्लांगावरचा माणूस ओळखतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

साताऱ्याच्या कार्यक्रमात शेवटी एका बाईंनी नुकतंच घेतलेलं पुस्तक चाळत विचारलं, "पुस्तकात हे पाठमोरे गृहस्थ सारखे येतात. कोण ते?"

सुमंतनं दाराकडे पाहिलं. वीरधवल पावतीपुस्तक खाली ठेवून ऐकत होता.

"ते होय?" सुमंत म्हणाला. "ते काल्पनिक आहेत. मला एवढा देखणा माणूस कुठला मिळायला!"

पुन्हा हशा झाला, पहिल्यापेक्षा मोठा.

खोलीवर परतताना उरलेले दोन गठ्ठे वीरधवलनं दोन्ही खांद्यांवर घेतले होते. राजवाड्यापाशी त्यानं दोन्ही गठ्ठे जरा वर सरकवले. मग म्हणाला, "काल्पनिक मानसाच्या खांद्याला रग लागलीया."

"अरे, मी तुझ्यासाठीच..." सुमंतनं सुरुवात केली.

"माझ्यासाठी? तोंड काढू नको म्हनलो हुतो मी. मी न्हाईच, असं सांग म्हनलो न्हवतो." गठ्ठे खाली ठेवून तो थांबला. "नाव घे म्हनत न्हाई. 'हाय एक मानूस' एवढं तर म्हनशील? सांगलीच्या कार्यक्रमात परत तसंच बोललास तर तुझी पुस्तकं तूच उचल. मी येनार न्हाई. पुस्तकापाठी न्हाई आन् खोलीवर बी न्हाई."

सुमंतला हे झोंबलं, कारण ते खरं होतं. स्वतःबद्दल त्यानं चारचौघांत सगळं सांगितलं होतं, आणि त्या धिटाईचा त्याला बराच गर्वही झाला होता. पण त्यात जोखीम कसली? नातेवाईक केव्हाच तुटले होते आणि संपादकांना चित्र वेळेवर मिळाल्याशी मतलब. ज्याच्यामुळे सगळं सांगावंसं वाटलं, त्यालाच त्यानं भर सभेत काल्पनिक ठरवलं होतं, तेही हशासाठी. वीरधवलसाठी म्हणून गप्प बसलो, हे सांगायला बरं. खरं म्हणजे तो भ्याला होता.

सांगलीचा कार्यक्रम पुढच्या रविवारी होता. चिंतामणरावांचा मूळ धंदा दहावीच्या गाइडांचा, त्यामुळे जाहिरातीतही त्यांनी प्रश्नच घातला. पेपरात पाव पान पाठमोऱ्या वीरधवलचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत, 'कोण हा पाठमोरा माणूस? या आणि विचारा!' तेच चित्र पेंटरकडून कापडावर पुरुषभर मोठं करून त्यांनी व्यासपीठामागं टांगलं होतं. आता माघार घ्यायला जागा नाही, असं मनात म्हणत सुमंत खुर्चीवर बसला. वीरधवल दाराशी टेबलामागं बसला. समोरून पाहणाऱ्याला तो कुठल्याही दुकानातला मिशीवाला माणूस दिसत होता.

समारंभ सुरू व्हायला पाच मिनिटं असताना दारातून एक नऊवारीतली म्हातारी आत आली. मागून तिच्या भावकीतला अर्जुना, हातात पेपराची घडी. वीरधवल खुर्चीवरून ताडकन उठला, सुभेदारसाहेब आल्यावर उठावं तसा.

"आई? तू हितं?"

"पेपरात आलास आन् घरात सांगाय नगं व्हय रं?" रंगूबाई म्हणाल्या. आवाजात रागापेक्षा अभिमान जास्त होता. "अर्जुनानं नुसता पेपर फुडं धरला. म्हनलं, ह्यो आमचा वीरा. आख्खी आळी म्हनाली, व्हय, वीराच. काय हाय ह्ये? पलटनीचं हाय का कायतरी?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उचललं आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. आईच्या हातातून पुस्तक हिसकावून कसं घ्यायचं, हे पलटणीत शिकवत नाहीत. वीरधवल दारात तसाच उभा राहिला.

हे सगळं सुमंत वरून पाहत होता. म्हातारीला अक्षर येत नसणार हे उघड होतं, आणि त्यानं क्षणभर हुश्श केलं. दुसऱ्याच क्षणी त्याला आठवलं. पुस्तक चित्रांचं होतं! अक्षर न येणाऱ्या माणसालाही पहिल्यापासून शेवटपर्यंत कळावं, म्हणून तर त्यानं तीन वर्षं रक्त आटवलं होतं. आणि आता खराखुरा वाचक पुढ्यात बसला होता.

चिंतामणरावांचं प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचं भाषण झालं. रंगूबाईंनी वर पाहिलं नाही. बोट जिभेला लावून त्या एकेक पान उलटत होत्या. एसटीचं पान आलं तेव्हा हसल्या आणि अर्जुनाला कोपर मारून पाठ दाखवली. आरशाच्या पानावर बराच वेळ थांबल्या. स्टोव्हच्या पानावर अर्जुनानं वाकून पाहिलं, तर त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं. त्यानंतर त्या हसल्या नाहीत.

सुमंत बोलायला उभा राहिला. घोकलेले विनोद तोंडातून आपोआप बाहेर पडत होते आणि लोक हसत होते. त्याचा डोळा मात्र पहिल्या रांगेतल्या बोटावर होता. साठावं पान. सत्तरावं. आपण आपल्या कानांची टिंगल करतो आहोत आणि इकडे एका घराचं काय होतंय, असं वाटून त्याला स्वतःची शिसारी आली. पण थांबायचं कसं, तेच त्याला येत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या कापडाची वरची दोरी सुटली. पेंटरनं काढलेला पाठमोरा माणूस उजव्या खांद्यातून कलंडला. आयोजक एकमेकांकडे पाहत राहिले आणि काही बिघडलं की धावायचं या सवयीनं वीरधवल धावला. कुणी अडवायच्या आत तो खुर्चीवर चढला आणि हात उंचावून दोरी बांधू लागला.

शे-सव्वाशे माणसांसमोर आता दोन पाठी होत्या, एक कापडावर आणि एक शर्टात. तेच रुंद खांदे, तोच डावा खांदा जरासा झुकलेला. तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह चिडीचूप झालं. वीरधवललाही मागची शांतता कळली असावी. दोरी हातात धरून तो तसाच उभा राहिला, वळला नाही.

रंगूबाई उठल्या. त्यांनी सत्त्याऐंशीवं पान उघडून धरलं होतं. त्यात खिडकीशी उघड्या अंगानं बसलेल्या माणसाची पाठ होती, आणि कमरेच्या वर, कण्याच्या बाजूनं वीतभर लांब वण.

"ह्ये काय हाय?" त्यांनी सुमंतला विचारलं. "माझ्या ल्योकाच्या पाठीव असलं कायबी न्हवतं. मी न्हाऊ घातलंय त्येला."

"मावशी..." सुमंत म्हणाला. "अठ्ठ्याऐंशी सालचं आहे ते. नागालँडात त्याची गाडी उलटली. पत्रा घुसला पाठीत."

"अठ्ठ्याऐंशी साली ह्येचा बा गेला. दिवसावर बी आला न्हाई ह्यो. सुट्टी न्हाई म्हून कागद आला हुता."

"तेव्हा तो दवाखान्यात होता. तिथून सुटला तो साताऱ्याला आला. महिनाभर माझ्याकडे होता. तुमचं दुःख ताजं, त्यात आणखी हे दाखवायचं नाही म्हणाला."

रंगूबाईंनी पानावरून हात फिरवला. मग मान वर करून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं विचारलं, "आन् ह्ये तुला कसं रं ठावं? वण एवढा रेघ न् रेघ कसा काढलास तू?"

विनोद जिभेवर तयार होता. व्यंगचित्रकाराची नजर, मावशी, आम्ही गिऱ्हाइकाच्या अंगावरचे तीळसुद्धा सोडत नाही. लोक हसले असते. सगळे सुटले असते, तोही सुटला असता. त्यानं खुर्चीवरच्या पाठीकडे पाहिलं. ती हलत नव्हती. श्वाससुद्धा रोखून धरलेली पाठ कशी दिसते हे सुमंतइतकं कुणाला कळणार होतं?

"मी रोज ती जखम धूत होतो," तो म्हणाला. "पट्टी मी बदलायचो. अजूनही रोज बघतो तो वण, म्हणजे तो येतो तेव्हा. अकरा वर्षं झाली, मावशी. पुस्तकातला हा माणूस खरा आहे. साताऱ्यात मी खोटं बोललो. आम्ही एकमेकांचे आहोत."

कुणीही हसलं नाही. असं बोलून झाल्यावर हात कुठं ठेवायचे हेसुद्धा सुमंतला कळेना. चिंतामणराव पाण्याचा तांब्या उचलून तसाच धरून बसले होते. अर्जुना खाली मान घालून पेपराची घडी आणखी बारीक करत होता. वीरधवल खुर्चीवरून उतरला, त्याचा चेहरा घामानं निथळत होता. "आई, चल," तो म्हणाला. "भायेर चल. घरी जाऊन बोलू."

रंगूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण ते पुसण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

"लय दुकत हुतं का त्येला?" त्यांनी सुमंतला विचारलं.

"आई, सोड की आता ते," वीरधवल म्हणाला.

"तू गप बस. नऊ वरीस गपच बसलास न्हवं? मी ह्येला इचारतीया." आणि त्या पुन्हा खाली बसल्या, पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवून. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून त्यांनी पायाशी ठेवली. "ये खाली. हितं बस. आन् सगळं सांग मला, पयल्यापास्नं."

सुमंतनं माइक बंद केला आणि तो व्यासपीठाच्या पायऱ्या उतरू लागला.