साहेबांचे हात

समितीने साहेबांचे ढीगभर फोटो पाठवले, पण एकातही हात धड दिसत नव्हते. देशाचा कारभार हाकताना साहेब हात कायम पाठीमागे बांधून उभे राहत. पुतळा मात्र हात पुढे करून लोकांना बोलावणारा हवा होता. मग शिल्पकार बाईने हात मनानेच केले.

तिला ते काम नकोच होतं. साहेबांच्या राजवटीत पोलिसांनी तिच्या दादाला जेवत्या ताटावरून उठवून नेलं होतं, भिंतींवर पत्रकं चिकटवली म्हणून. तो परत आला नाही. मेल्याचंही कुणी कळवलं नाही. पण समितीला नकार देऊन शहरात टिकलेला शिल्पकार तिच्या पाहण्यात नव्हता.

ओतकाम होऊन पुतळा आला. बोटं घासायला तिने कानस उचलली आणि थबकली. करंगळी वाकडी होती. लहानपणी दाराच्या फटीत चेंगरलेली दादाची करंगळी. अंगठ्याचं रुंद नखही त्याचंच. तिने कानस खाली ठेवली.

अनावरणाला आई हट्टाने आली. "बघू तरी दे त्याला एकदा," एवढंच म्हणाली.

दोरी ओढली, कापड घसरलं, टाळ्या झाल्या. आई उठून चौथऱ्यापाशी गेली. चौथरा बुटका होता. तिने पुतळ्याचा हात हातात घेतला, करंगळीवरून बोट फिरवलं आणि तिथेच उभी राहिली. फोटोवाले धावले. "काय श्रद्धा आहे बघा," कुणीतरी म्हणालं.

साहेबांची मुलगी शिल्पकार बाईजवळ आली. "बाबांचे हात असे नव्हते," ती हळूच म्हणाली. "कुणाचे आहेत?"

"माझ्या भावाचे."

"ते आले नाहीत?"

"तुमच्या बाबांच्या माणसांनी नेलं त्याला. नंतर आलाच नाही."

मुलीने पुतळ्याचा हात धरून उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहिलं. "शेवटी शेवटी बाबा रात्री उठून घराची सगळी दारं उघडी टाकायचे," ती म्हणाली. "बाहेर पोरं ताटकळलीत म्हणायचे. आम्हाला वाटलं, भ्रम झालाय."

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष हसत आले. "काय ताई, जमलेत ना साहेब?"

"हात हुबेहूब आहेत," मुलगी म्हणाली आणि गाडीकडे निघून गेली.

मैदान रिकामं झालं. खुर्च्या उचलणारे आईला वळसा घालून जात होते. शिल्पकार बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, चल आता."

"थांब गं जरा," आई म्हणाली. "हात गार पडलाय त्याचा. थोडी ऊब येऊ दे."