शेणाची पाटी

म्हातारे पुढारी खुर्ची का सोडत नाहीत, परदेशी जहाजं आपल्या समुद्रातले मासे का ओरबाडून नेतात, पॅरिसला गेलेला भाऊ फोन का उचलत नाही, बामाकोत लष्कराने सत्ता घेतली ते बरं झालं की वाईट, असल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं यांदे न्गोमकडे असतात अशी दाकारमधल्या निम्म्या लोकांची समजूत होती. उरलेल्यांना ती आगाऊ वाटायची. पण गुरुवारी पेपर हातात पडला की तेही आधी तिचंच पान उघडायचे.

सदराचं नाव 'तिसरा पेला'. चहा तीन पेल्यांत प्यायची तिथली रीत. पहिला पेला जीभ भाजतो, दुसरा बरा लागतो आणि तिसऱ्यात नुसती साखर असते. यांदेनेही तेच धोरण ठेवलं होतं. वाचकाचं पत्र वर छापायचं, त्याखाली आपलं उत्तर, आणि उत्तराच्या शेवटी वाचक हसलाच पाहिजे. आबिदजानहून, लिब्रव्हिलहून, मिलानच्या बाजारात पट्टे विकणाऱ्या पोरांकडून पत्रं यायची. यांदे हसवायची आणि लोक खूश व्हायचे. खरं सांगायचं तर त्यांच्याहून ती जास्त खूश व्हायची.

या सगळ्या वाचकांत लोकांचा लाडका होता किनाऱ्यावरच्या म्बूर गावचा बोकार वान. हा पुलार जमातीचा, दोन-चार गायी राखून दूध-दही विकणारा. यांदे सेरेर जमातीची. आणि पुलार नि सेरेर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, चोर म्हणायचं, लग्नात, कचेरीत, अगदी मयताच्या घरीसुद्धा. जो रागावला तो हरला. बोकारचं पत्र म्बूरच्या गाडीवाल्याबरोबर यायचं, सोबत दह्याची बाटली. पत्राची सुरुवात ठरलेली असे: 'माझ्या बांदी, दही पाठवलंय. गुलामांना उपाशी ठेवू नये, म्हणून.' यांदे पेपरात उत्तर द्यायची, 'अरे दूधपित्या, दही आंबट होतं. तुझ्या गायीसुद्धा तुझ्यावर चिडलेल्या दिसतात.' हे दोन वर्षं चाललं होतं. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बोकारचं पत्र आलं. पहिलं पान नेहमीचंच, शिव्यांनी भरलेलं. मग त्याने लिहिलं होतं की माझा मुलगा येरो बंदरावर मासे वाहतो, आणि त्याच्या डोक्यात चोरून होडीतून स्पेनच्या बेटांवर जायचं भरलंय. आणि अगदी शेवटी, वेगळ्या शाईत: 'यांदे, आता थट्टा बाजूला ठेव. येरो तुझं सदर सोडत नाही. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. या एका वेळी गुलामाला नको, भावाला उत्तर दे. त्याला थांबव.'

यांदेने ते दोनदा वाचलं. ही गोष्ट तिला नंतर विसरता आली नाही. तिच्या नजरेतून काही निसटलं नव्हतं. तिने वाचलं होतं आणि मग कापलं होतं. पानावर जागा नव्हती हे खरं. पण रडका बोकार वान कोण वाचणार, असंही तिच्या मनात आलं होतं, आणि हे जास्त खरं होतं. त्याला आपण फोन करू, नीट बोलू, असं ठरवून तिने शेवटचा परिच्छेद गाळला आणि खाली उत्तर लिहिलं:

'अरे दूधपित्या, घाबरू नकोस. तुमच्या सात पिढ्यांत कोणी गाईच्या पाठीपलीकडे पोहलंय का? तुझा येरो गुडघाभर पाण्यात गेला की आईला हाक मारील. तो त्या बेटावर पोचलाच, तर मी, न्गोमांची लेक, सगळ्या म्बूरसमोर तुझ्या गोठ्यातलं शेण पाटीने वाहीन.'

त्या गुरुवारी ऑफिसात शिपायापासून संपादकापर्यंत सगळे हसत होते. मागात नावाचा तो संपादक टेबलावर थाप मारून म्हणाला, "शेण वाहीन! यांदे, तू म्हणजे कहर आहेस. कोणी पोचलाच तर फोटोग्राफर मी पाठवतो हं!"

"पोचतोय कुठला," यांदे म्हणाली. "पुलार तो. बादलीत पाय घालतानाही कपडे वर धरतो."

फोन करायचा राहूनच गेला.

पुढच्या महिन्यात वाचकांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक वहीचा कागद निघाला. मागातनेच तो उघडला आणि हसत हसत तिच्या टेबलाशी आला.

"घे. तुझा पुढचा लेख आयता आला. ऐक. 'यांदे आत्या, तुमचं उत्तर बंदरावर सगळ्यांनी मोठ्याने वाचलं. तेव्हापासून मला कोणी नावाने हाक मारत नाही, गुडघाभर म्हणतात. आम्ही निघतोय. शेणाची पाटी तयार ठेवा. तुमचा गुलाम, येरो वान.' वा! पोरगं बापावर गेलंय."

यांदेने कागद त्याच्या हातातून ओढून घेतला.

"हे छापायचं नाही."

"का? वाचक वेडे होतील."

"मागात, नाही म्हणजे नाही."

"बरं बाई. अंगावर कशाला येतेस?"

तिने म्बूरला फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. येरोची आई, राकी. यांदेने नाव सांगितलं. पलीकडे गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग राकी म्हणाली, "गेलाय. अजून फोन नाही." आणि फोन बंद झाला.

चांगली बाई असती तर त्याच दिवशी गाडीत बसली असती. यांदे बसली नाही. तिने पुढचा लेख मासेमारीच्या करारांवर लिहिला, त्याच्या पुढचा मंत्र्यांच्या गाड्यांवर. दोन्ही फार गाजले. एका बाईने लिहिलं, 'ताई, तुम्ही गरिबांचा आवाज आहात.' ते पत्र वाचून यांदे संडासात गेली आणि नळ सोडून तिथे बसून राहिली. स्वतःची इतकी शरम तिला जन्मात वाटली नव्हती. आरशात बघायचीही चोरी झाली.

मग एके दिवशी म्बूरचा गाडीवाला ऑफिसात आला. हातात बाटली नव्हती. दुसऱ्या कोणाचं तरी पाकीट द्यायला आला होता.

"बोकारने काही दिलं नाही?" तिने विचारलं.

गाडीवाल्याने खांदे उडवले. "बोकार कोणाशी बोलत नाही, ताई. होडीचा पत्ता नाही. काही म्हणतात बेटावर पकडून ठेवलंय, काही म्हणतात वारा भलतीकडे होता. देवाला ठाऊक."

त्याच्याच गाडीत बसून ती म्बूरला गेली. वाटेत ती मनाशी एकच गोष्ट घोकत होती. बोकार शिव्या देईल. देऊ दे. चारचौघांत बांदी म्हणेल, पेपर तोंडावर फेकेल. त्याने मनसोक्त बोलून घेतलं की आपण त्याच्या पाया पडू. तिला त्या शिव्या हव्या होत्या. खरं म्हणजे त्याच आणायला ती निघाली होती.

गोठा गावाच्या टोकाला होता आणि घर त्याला लागूनच. बोकार दारातल्या चटईवर बसला होता. तिने त्याला एका नजरेत ओळखलं, कारण शेजारी तिचा पेपर नव्हता. प्रत्येक दारात असतो तो इथे नव्हता. उंच, वाळका माणूस, निळा झगा, पुढ्यात फोन. तो उठून उभा राहिला.

"न्गोम," तो म्हणाला.

"वान," ती म्हणाली.

"न्गोम."

"वान."

एकमेकांची आडनावं घेऊन होणारा हा नमस्कार दोनदा झाला. थट्टेच्या नात्यात दुसऱ्यांदा घेतलेल्या आडनावाच्या शेपटीला शिवी लागलेलीच असते. यांदे थांबली. मान खाली घालून, खांदे आवळून, फटक्याची वाट बघावी तशी थांबली. शिवी आली नाही.

"प्रवास बरा झाला ना बाई? यावं. इथे नको, खुर्चीवर बसावं," बोकार म्हणाला, आणि आत वळून हाक मारली, "राकी, पाहुण्या आल्यात दाकारच्या."

पाहुण्या! यांदेचे कान तापले. राकीने चांगल्या भांड्यातून दही आणलं, झाकण ठेवलेलं, चमच्यासकट. गुलामांना पाठवायचं ते दही प्लास्टिकच्या बाटलीतून यायचं.

"बोकार," ती म्हणाली, "मी तुझा शेवटचा परिच्छेद कापला."

"हो."

"चुकून नाही. वाचून कापला."

"माहीत आहे, बाई. मी पेपर वाचायचो."

"मग बोल ना मला काहीतरी! बांदी म्हण, कुत्री म्हण. अरे, तुझ्या पोराला मी भरीला घातलं. तू इतका गोड का बोलतोयस?"

बोकारने चटईची एक सुटलेली काडी परत आत खोचली. त्याचा आवाज चढला नाही.

"शिव्या घरच्यांना देतात, बाई. मी तुम्हाला घरची समजून लिहिलं होतं. तुम्ही पेपरवाल्या निघालात. आता पेपरवाल्यांशी आम्ही कसं बोलायचं? नीटच बोलायला हवं."

एवढ्यात चटईवरचा फोन वाजला. तिघांनीही एकदम त्याच्याकडे पाहिलं. बोकारने तो दोन्ही हातांनी उचलला. पलीकडून कोणीतरी उद्यासाठी दूध मागत होतं. "हो, पाठवतो," तो म्हणाला आणि फोन पुन्हा जागेवर ठेवला, अगदी होता तसाच, स्क्रीन वर करून. राकी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

यांदेला तिथे बसवेना. तिने दह्याचं भांडं खाली ठेवलं आणि सरळ गोठ्यात शिरली. कोपऱ्यात एक फुटकी पाटी पडलेली होती. तिने झग्याच्या बाह्या वर केल्या आणि हातांनी शेण भरायला सुरुवात केली. गाई बाजूला सरकल्या. कुंपणापलीकडून शेजारणी बघायला लागल्या. "अगं, ही ती पेपरातली!" एक म्हणाली. यांदेने ऐकलं आणि आणखी जोरात भरू लागली. बघू देत. सगळ्या म्बूरने बघावं, असंच तर तिने लिहिलं होतं. हाताला ऊन शेण लागत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला थोडं बरं वाटायला लागलं होतं.

पाटी अर्धी भरली तेव्हा राकीचा हात तिच्या मनगटावर आला.

"ठेवा ती खाली."

"नको, राकी. मला करू दे. मी बोलले होते."

"काय बोलला होतात? पुन्हा सांगा."

यांदेने पाटी आणखी जवळ ओढली.

"पोचला तर, असं बोलला होतात," राकी म्हणाली. "माझा येरो पोचला तर. त्याचा फोन आलाय का? तुमच्या कानावर काही आलंय, जे माझ्या आलं नाही?"

"नाही."

"मग?"

तिने यांदेला मनगट धरूनच गोठ्याबाहेर आणलं. ओसरीवर खिळ्याला एक कोरी पाटी टांगलेली होती, ताडाच्या पात्यांची, काठाला लाल धागा विणलेली. तिला अजून धूळसुद्धा लागली नव्हती. रोज कोणीतरी पुसत असणार.

"जायच्या आदल्या दिवशी त्याने बाजारातून आणली. म्हणाला, आई, माझा फोन आला की त्या आत्याला बोलाव आणि हीच दे तिच्या डोक्यावर. काय हसत होता! मला कळलंच नाही तो निघालाय ते. मला वाटलं, थट्टाच करतोय." राकीने श्वास घेतला. "तुम्ही आज शेण वाहून मोकळ्या व्हाल, बाई. दाकारला जाल, झोप लागेल तुम्हाला. मी नाही तुम्हाला मोकळं होऊ देणार. त्याचा फोन आला की मी बोलावते. तेव्हा या. तेव्हा मी तुमच्या सात पिढ्या उद्धरीन, सगळं गाव बघेल. तोवर तुम्ही पाहुण्या."

बोकार उठून आत गेला होता. चटईवर फोन तेवढा होता.

यांदे शेणाने भरलेले हात पुढे धरून तशीच उभी राहिली. पुसायला काही नव्हतं, लपवायला जागा नव्हती. राकीने किटली आणली आणि तिच्या हातांवर पाणी घातलं, कोणत्याही पाहुणीच्या हातांवर जेवणाआधी घालतात तसं, बारीक धारेने, सगळं शेण निघून जाईपर्यंत.